मराठवाड्यातली जॅझ वाजवणारी पोरं इथंच टिकवायची कशी?

गोदातीर

नमस्कार मंडळी. परभणीत हार्मोनियम आणि कीबोर्डचे क्लास घेते. माझ्याकडे तीन मुलं अशी आहेत की त्यांना जॅझच वाजवायचं आहे. एक सॅक्सोफोनवर. त्याच्या घरची बँड पार्टी, आजोबा क्लॅरिनेट वाजवायचे. दुसरा ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो आणि उसन्या ड्रमसेटवर स्विंगचा, म्हणजे जॅझच्या डुलत्या ठेक्याचा, हात पक्का करतोय. तिसरी इंजिनिअरिंगला आहे, बेस गिटार वाजवते. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिघं माझ्या खोलीवर जमतात, मी कॉर्ड धरते. आधी नुसती नक्कल व्हायची. आता तिघं एकमेकांचं ऐकून वाजवतात. बेसवालीनं लय जरा मागं ओढली तर सॅक्सवाला थांबतो, तिला जागा देतो. हे शिकवून येत नाही, सोबत बसूनच येतं.

त्यांनी स्वतःच्या दोन रचना रेकॉर्ड करून स्ट्रीमिंगवर टाकल्या. काही शे लोकांनी ऐकल्या, हातात एक रुपया आला नाही. आता घरून विचारणा सुरू झाली आहे: पुढं काय? मुंबईला पाठवायचं का? की नाद सोडून अभ्यासाला लागायचं?

या मुलांचं कौतुक गावात पुष्कळ होतं. कौतुकानं सॅक्सची रीड (फुंकायची पट्टी) विकत येत नाही आणि ड्रमसेटही येत नाही. इथं बसून आपल्याला नेमकं काय करता येईल, ते सुचवा. मुंबईत, पुण्यात वाजवणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

वाकडी_सम

ताई, मी मूळचा अंबाजोगाईचा, आता मुंबईत बेस वाजवतो. स्टुडिओ, हॉटेल, लग्नं आणि मिळेल तेव्हा जॅझ.

आधी त्या शून्य रुपयांचं सांगतो, म्हणजे मुलांना आपण वाईट वाजवलं असं वाटायला नको. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की एखादा ट्रॅक मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा ऐकला गेला नसेल तर त्याची रेकॉर्डिंगची रॉयल्टी धरलीच जात नाही. ऐकणं मोजलं जातं तीस सेकंदांनंतर. म्हणजे सात मिनिटांची रचना कुणी डोळे मिटून पूर्ण ऐकली तरी एक, आणि दोन मिनिटांचं गाणं अर्धवट सोडलं तरी एकच. ज्या संगीताला फुलायला वेळ लागतो त्याला हा हिशोब पहिल्यापासूनच प्रतिकूल आहे. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा हवा तर १००० सदस्य आणि वर्षात ४००० तासांचं पाहणं लागतं. चौघांच्या जॅझ बँडला तिथं पोहोचायला फार काळ लागतो.

म्हणून स्ट्रीमिंगवर ठेवायचं ते ओळख म्हणून. आयोजकाला लिंक पाठवता येते, एवढं काम ते चोख करतं. विकायचं असेल तर बँडकँप ही थेट संगीत विकायची साइट बरी. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, उरलेलं व्यवहाराचा खर्च जाऊन आपलं. एकानं अल्बम विकत घेतला तर हजारो वेळा ऐकलं जाण्याइतकं पदरात पडतं.

आता मुंबईचं. पाठवू नका असं मी म्हणणार नाही, पण काय बघून पाठवताय ते ठरवा. मुंबईतल्या जॅझचा इतिहास पाहिला तर धंदा दर पंधरा-वीस वर्षांनी मोडलेला दिसतो. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा अमेरिकन बँड ताजमध्ये वाजवायला आला, त्यानंतर हॉटेलांतून जॅझ जोरात सुरू झालं. गोव्याची माणसं त्यात उतरली. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यातली मोठी नावं. दारूबंदी आली, हॉटेलांचं काम आटलं आणि हीच माणसं सिनेमाच्या स्टुडिओत गेली. आपल्या गोदाकाठच्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र, त्यांच्या गाण्यात जो स्विंग ऐकू येतो तो चिक चॉकलेटसारख्यांच्या संगतीनं आला. पुढं सिंथेसायझर आला, चाळीस व्हायोलिनांचं काम एक माणूस करू लागला आणि स्टुडिओही बसला. निरंजन झवेरींनी १९७८ ला जॅझ यात्रा सुरू केली, जगातले मोठे वादक मुंबईत वाजवून गेले, पण स्थानिक वादकाला बारा महिने काम त्यातूनही मिळालं नाही. २००७ ला उघडलेला ब्लू फ्रॉग हा लाइव्ह संगीताचा क्लब २०१६ ला बंद झाला.

या सगळ्यात जे तरले ते नोटेशन, म्हणजे लिहिलेलं संगीत, वाचता येणारे होते. गोव्यात गावोगावच्या चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे. खेड्यातलं पोरगं मुंबईला येताना ही विद्या घेऊन यायचं. हॉटेल गेलं तर स्टुडिओ, स्टुडिओ गेला तर शिकवणं. पाया गावात घातलेला होता. मराठवाड्यात तो कोण घालतंय, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

स्वरगंध

वाईट वाटून घेऊ नका, पण शंका मनापासून आहे. आपल्याकडे नाथराव नेरळकर गुरुजींसारख्यांनी जन्म घालवून रागसंगीत रुजवलं. आज त्या परंपरेतल्या मुलांनाही मैफली मिळत नाहीत. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, १८ ते २५ वयोगटाला, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. देशभरात ४००. त्यातच इतकी स्पर्धा. मग जी थोडी ताकद आपल्याकडे आहे ती जॅझकडे का वळवायची?

गोदातीर

शंका रास्त आहे. ती शिष्यवृत्ती मीही पाहिली. शास्त्रीय, लोकसंगीत, उपशास्त्रीय, नाट्य असे विभाग आहेत, जॅझ त्यात बसत नाही. म्हणजे या मुलांना सरकारी दार मुळातच बंद आहे, ती कुणाच्या वाट्यातलं काही घेत नाहीत.

दुसरं म्हणजे कान वेगळे नसतात. कद्री गोपालनाथ यांचं उदाहरण घ्या. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्यांनी तो कर्नाटक संगीतासाठी घडवला. १९८० ला मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सवादक जॉन हँडी त्यांच्यासोबत वाजवायला उभे राहिले. एका राजवाड्याच्या बँडमुळे हे झालं. माझ्या सॅक्सवाल्याला मी रोज यमनचे अलंकार वाजवायला लावते. त्यानं त्याचं जॅझ सुधारतं आणि मला वाटतं त्याच्यामुळे माझ्या बाकीच्या विद्यार्थ्यांचा यमनही सुधारलाय.

स्वरगंध

पटलं. आमच्या मंडळाची खोली दुपारी रिकामी असते, लागली तर सांगा.

मास्तरचं_पोरगं

ताई, आमची बँड पार्टी हाय उदगीरकडं. वडील मास्तर हायेत, मी युफोनियम वाजवतो, कधीमधी सॅक्स. तुमचा धागा वाचून लिहायलाव.

जॅझ काय आसतंय ते मला मोबाईलवर कळलं. पण एक सांगतो, बँडवाल्याच्या पोराला ते परकं वाटत नाही. वरातीत नवरदेव घोड्यावर बसून पुढं गेला की मास्तर क्लारनेटवर आलाप घेतो, मागून साईड ड्रम आन ढोल त्याला धरतेत, कुणी लिहून दिलेलं नसतंय. गर्दी नाचायलीय का थकलीय ते बघून लांबवायचं का आवरायचं ते मास्तर ठरवतो. हे सगळं आमी करतोच.

आमचं दुखणं येगळं. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत सीझन. आता निम्म्या सुपाऱ्या डीजेनं नेल्या. सोयाबीनला भाव नसला की लोक पैला बँडच कमी करतेत, बारा माणसाचं सात करतेत. इसार घेतलेला आसतोय, नाही म्हणता येत नाही. पोरं बांधकामावर जायलेत. वाजा भिंतीला टांगलेला. मेरठच्या जाळी कोठीतून आणलेले वाजे, एका पिढीनं दुसऱ्या पिढीला दिलेले, पॅड गळायलेत, चाव्या सैल. चांगला कंपनीचा ऑल्टो सॅक्स लाखाच्या घरात जातोय, कोण घेणार?

आन वाचता येत नाही कुणालाच. सगळं कानावर. पोलीस भरतीत बॅण्ड्समनची पदं निघतेत, जालन्याला, हिंगोलीला एसआरपीचे गट हायेत. पचमढीला मिल्ट्रीचं संगीताचं केंद्र हाय. तिथं गेलेलं पोरगं वाचून वाजवतंय, पगार घेतंय, पेन्शनीत निघतंय. आमच्यातलं एक गेलं, त्याच्या घरचं दळिद्र फिटलं. बाकीच्यांना कुणी नोटेशन शिकवलं आसतं तर तेबी गेले आसते.

तवा माझं म्हणणं, जॅझ शिकवा नायतर काय बी शिकवा, पैलं वाचायला शिकवा. आमची पोरं येतेल. पावसाळ्यात सगळे रिकामेच आसतेत.

वाकडी_सम

भाऊ, तुझा प्रतिसाद माझ्या सगळ्या लिहिण्यापेक्षा मोलाचा आहे. जॅझमधला एवढा मोठा लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं पितळी वाद्य) कुठं शिकला? १९१३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या मुलांच्या सुधारगृहात, तिथल्या बँडमध्ये. त्या शहरात लग्न, मिरवणूक, अंत्ययात्रा सगळ्याला बँड लागायचा आणि त्याच पितळी वाद्यांतून जॅझ घडलं. तुझ्या वडिलांची वरात आणि ती मिरवणूक यांत मला फार अंतर दिसत नाही.

ताई, तुमचे तीन विद्यार्थी आणि ही बँडची पोरं वेगवेगळी धरू नका. तुमच्याकडे कॉर्ड आणि नोटेशन आहे, त्यांच्याकडे फुंकर आणि दम आहे. शिकवायला बारा मापांचा ब्लूज, जॅझवाल्यांचा पायाभूत साचा, तोच घ्या. प्रत्येक मापात चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांनी सम येते. आवर्तन म्हटलं की हलगीवालाही लगेच धरेल, मी करून पाहिलंय. त्या अठ्ठेचाळीस ठोक्यांत कॉर्ड कुठं बदलते एवढं कानात बसलं की पहिल्याच दिवशी सगळे आळीपाळीनं सोलो घेऊ शकतात. नोटेशन शिकवताना एक अडचण आधीच सांगा: कीबोर्डवर सी वाजतो तेव्हा ऑल्टोवाल्याच्या कागदावर ए असतो आणि क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर डी. हे पहिल्या दिवशी नीट समजावलं नाही तर मुलांना वाटतं की आपल्यालाच जमत नाही, आणि ती यायची बंद होतात.

खाम_नदी

वाचतेय. फार चांगली चर्चा. मास्तरच्या पोराचा प्रतिसाद दोनदा वाचला.

काळा_कोट_नांदेड

कायद्याचं थोडं लिहितो, कारण या टप्प्यावर मुलं कशावरही सही करतात.

रेकॉर्ड केलेल्या तुकड्यात दोन वेगळे हक्क असतात. रचनेचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. स्टुडिओचा खर्च कुणी लेबलनं, म्हणजे संगीत कंपनीनं, केला तर ध्वनिमुद्रण बहुधा त्यांचं होतं. पण २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गाण्याच्या रचनाकाराचा रॉयल्टीतला वाटा करारातून काढून घेता येत नाही. ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापलेला कागद समोर आला तर सही करण्याआधी कुणाला तरी दाखवा. मला पाठवलात तरी चालेल, फी नको. स्वतःच्या रचना असतील तर आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या. ही संस्था १९६९ पासून संगीतकार-गीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करते. आणि रेकॉर्डिंगच्याच दिवशी एका कागदावर लिहून ठेवा की रचना कुणाची, कोणी काय वाजवलं, वाटा किती. चौघांच्या सह्या घ्या. मैत्रीतली भांडणं मी याच कागदाच्या अभावी कोर्टात आलेली पाहतो.

जुने अमेरिकन स्टँडर्ड, म्हणजे सगळे जॅझवाले वाजवतात त्या गाजलेल्या रचना, रेकॉर्ड करून विकायचे असतील तर बहुधा परवाना लागतो. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. त्यापेक्षा आपल्या मातीतलं घ्या ना. गंगाखेडची जनाबाई, नर्सीचे नामदेव, पैठणचे एकनाथ. ओव्या, भारुडं, गोंधळाच्या पारंपरिक चाली कुणाच्या मालकीच्या नाहीत. फक्त एखाद्या संगीतकारानं अलीकडे बांधलेली चाल पारंपरिक समजून उचलू नका.

चार_तारा

ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेली बेसवाली मीच. ताईंना विचारून लिहितेय.

सगळ्यांनी मुंबई, हक्क, नोटेशन याबद्दल लिहिलं, ते उपयोगाचं आहे. माझी अडचण रात्रीची आहे. ऑर्केस्ट्रात बेस वाजवायला मला बोलावतात, पैसे बरे देतात, पण कार्यक्रम रात्री सुरू होतो आणि परतायला पहाट. घरचे एकटीला पाठवत नाहीत, आणि भाऊ प्रत्येक वेळी सोबत येऊ शकत नाही. माझ्याबरोबरच्या मुलांनी दोन वर्षांत असंख्य वेळा लोकांसमोर वाजवलं, मी फार थोड्या वेळा. मी कमी सराव करते म्हणून मागं पडत नाहीये. मला स्टेजच मिळत नाही.

जे काही ठरवाल ते संध्याकाळी सहाला सुरू करा आणि साडेआठला संपवा, एवढी एकच विनंती. मग माझ्यासारख्या आणखी मुली येतील. परभणीतच मला दोघी माहीत आहेत, एक गिटारवर आणि एक बासरीवर, त्या घराबाहेर वाजवतच नाहीत. आणि आईबाबांना ऐकायला येता येईल. माझ्या बाबांनी मला लोकांसमोर वाजवताना अजून पाहिलेलं नाही.

वाकडी_सम

सहा वाजता. हे आधी ठरवा, मग बाकीचं.

औरंगपुरा_वरचा_मजला

संभाजीनगरला आमचं पुस्तकांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर साठ खुर्च्यांची खोली आहे. कवितावाचनं होतात, कधी सतार-तबला. महिन्यातून एक रविवार जॅझसाठी द्यायला मी तयार आहे, खोलीचं भाडं नको. वेळ सहा ते साडेआठ मलाही सोयीची, तसंही दहानंतर ध्वनिक्षेपक बंदच करावा लागतो.

हिशोब मांडतो, तपासा. तिकीट २०० रुपये, खोली भरली तर १२००० रुपये. चौघांना प्रत्येकी २००० रुपये म्हणजे ८०००. साउंडवाल्याला २५००. उरलेले १५०० रीड, तारा, दुरुस्ती यासाठी बाजूला.

फुकट प्रवेश ठेवायचा नाही, यावर मी ठाम आहे. फुकट ठेवलं की गर्दी होते आणि अर्धी मोबाईलवर बोलत बसते. २०० रुपये देऊन आलेला माणूस ऐकतो, आवडलं नाही तर तसं सांगतोही, आणि आवडलं तर पुढच्या वेळी दोघांना घेऊन येतो.

वाकडी_सम

हिशोबात प्रवास राहिला. परभणीहून चौघं वाद्यांसकट यायची आणि जायची म्हणजे खर्च आहे. साठ खुर्च्यांच्या खोलीत सॅक्स आणि ड्रमला माईक लागत नाही, बेस आणि कीबोर्डला छोटे अँप पुरतात. साउंडवाल्याचे २५०० तिथं वाचतील, ते प्रवासाला ठेवा.

आणि चाळीसच माणसं आली तर? ८००० जमतील. तेव्हाही मानधन पूर्ण द्यायचं, दुरुस्तीचे पैसे मागे राहिले तरी चालतील. माझ्या पिढीतल्या कितीतरी चांगल्या वादकांनी ‘या वेळी सांभाळून घ्या, पुढच्या वेळी बघू’ ऐकत वाजवणं सोडलं. ठरलेले पैसे त्याच संध्याकाळी हातात पडतात, हे या मुलांच्या घरच्यांना दोन-तीनदा दिसलं की ‘पुढं काय’ हा प्रश्न घरात वेगळ्या आवाजात विचारला जाईल.

मुंबईहून मी आणि माझ्या ओळखीचे एक-दोघं आलटून पालटून येऊ. मोठं नाव म्हणून आम्हाला पोस्टरवर टाकू नका. दुपारी आम्ही शिकवू, संध्याकाळी एखाद्या तुकड्याला मुलांच्या बाजूला उभे राहू. पोस्टरवर मुलांचीच नावं.

गोदातीर

डोळे भरून आले वाचताना. आता कामाचं.

वाचनवर्ग माझ्याकडे परभणीत, रविवारी सकाळी. बँडच्या मुलांना फी नाही. उदगीरहून दर आठवड्याला येणं जमणार नाही हे कळतं, म्हणून महिन्यातून एकदा मी तिकडं येईन. मास्तरांची खोली मिळेल का?

पहिला कार्यक्रम कधी? बँडवाली मुलं रिकामी कधी असतात त्यावर ठरवू या. गणपती आणि नवरात्र त्यांचा हंगाम, तेव्हा नको.

मास्तरचं_पोरगं

खोली आपलीच हाय ताई, या कवाबी. वडलांना सांगितलं, ते म्हणले शिकवणारी बाई येणार आसली तर मीबी बसतो समोर.

तारखेचं म्हणाल तर पितरपाट धरा. गणपती झाले, देवी बसायच्या हायेत, त्या पंधरा दिवसात एक सुपारी नसतीय आमाला. कुणी शुभ-अशुभ बघणार आसल तर सांगा, पण आमचे समदे मोकळे तवाच.

औरंगपुरा_वरचा_मजला

माझी हरकत नाही. पंधरवड्यात खोलीही रिकामीच असते. त्यातला पहिला रविवार लिहून ठेवतो.

चार_तारा

ड्रमसेटचं काय? आमचा उसना आहे आणि मालक तो परभणीबाहेर नेऊ देत नाही.

खाम_नदी

माझ्या भावाचा सेट संभाजीनगरलाच पडून आहे, तो पुण्याला नोकरीला गेला. बास ड्रम, स्नेअर, टॉम सगळं ठीक आहे. राईड सिंबलला (ठेका धरायच्या मोठ्या थाळीला) मात्र चीर गेलीय आणि स्विंगला तोच लागतो ना?

वाकडी_सम

तोच लागतो. माझ्याकडे एक जास्तीचा आहे, देवगिरी एक्सप्रेसनं येताना घेऊन येतो. स्टँडचे नट शाबूत आहेत का ते तेवढं पाहून कळवा.